चौथी ओळ आत घ्या

३ नोव्हेंबर, सोमवार

आज एका रिकाम्या जागेने माझा अपमान केला. अक्षराने केला असता तर गिळला असता. अक्षराला काही परंपरा असते. पण रिकामी जागा!

सगळा जन्म श्रीवर्धनात संस्कृत शिकवण्यात गेला. आमच्या पोथ्यांत शब्दाला शब्द चिकटून. कुठे तोडायचं ते वाचणाऱ्याने अकलेने ठरवायचं. जागा सोडणं म्हणजे कागदाची उधळपट्टी. आणि हे हास्केल! म्हणे संगणकाची फंक्शनल भाषा. ओळ दोन घरं आत असली तर अर्थ, बाहेर आली की अनर्थ.

पुढे वाद नको म्हणून लिहून ठेवतो: ही भाषा मी स्वतःच्या आनंदासाठी शिकतो आहे. तेजस्वी, आमची एकुलती एक, पुण्यात याच भाषेत नोकरी करते आणि पुढच्या महिन्यात दोन वर्षांसाठी डब्लिनला निघाली आहे, याचा इथे काहीही संबंध नाही. तिच्या जाण्याला माझी हरकत नाही. हे मी घरात अनेकदा मोठ्याने सांगितलं आहे.

संकल्प: ती सहा डिसेंबरला निघायच्या आत, श्लोक दिला की वृत्त ओळखणारा प्रोग्रॅम. लघु-गुरू लावायचे, गण पाडायचे, नाव सांगायचं. शाळेतली पोरं करतात. आठवडा पुष्कळ झाला.

४ नोव्हेंबर

एका बैठकीत लिहिला. चालला नाही.

यंत्राचं म्हणणं: कदाचित इंडेंटेशन, म्हणजे ओळींचं आत-बाहेर असणं, चुकलं असेल, किंवा कंस जुळत नसतील. कदाचित! गुन्हा कोणता ते माहीत नाही आणि शिक्षा मात्र सुनावली.

पडद्याचा फोटो तेजस्वीला पाठवला. लगेच तिचा फोन. म्हणाली, बाबा, चौथी ओळ आत घ्या. 'व्हेअर' या शब्दाच्या खाली जे जे त्याचं, ते सगळं एका रेषेत बसवायचं. ओळ डावीकडे सरकली की भाषा समजते, ही आता या घरातली नाही. मी म्हटलं, बाहेर आली म्हणजे घरातून गेली, हे कोणी ठरवलं? अंगणात आली असेल. ती हसली. म्हणाली, अंगण नसतं बाबा यात.

अंगण नसलेली भाषा. बोला.

७ नोव्हेंबर

डोळ्यांना ती बारीक घरं मोजवत नाहीत. प्रोग्रॅम कागदावर सुवाच्य लिहून काढला आणि एसटीने बोर्ली पंचतनला गेलो, अल्पेशच्या डीटीपीच्या दुकानात. शाळेच्या प्रश्नपत्रिका कायम त्याच्याकडेच. भरवशाचा माणूस.

दुपारी पेन ड्राइव्ह हातात ठेवून म्हणाला, गुरुजी, घाईत लिवलंत वाटतं, ओळी सगळ्या आत-बाहेर झालेल्या. मी सगळं एका रेषेत घेतलंय बघा. त्याचे वेगळे पैसे नाय.

खरंच. चौथी ओळ, पाचवी, सातवी, सगळ्या डाव्या समासाला टेकून कवायतीला उभ्या. वर मध्यभागी शाळेचं नाव. सवयीने.

ओरडणार होतो. पण समास सरळ नाही म्हणून आजवर त्याच्यावर ओरडत आलो तो मीच. चहा पिऊन परतलो.

१२ नोव्हेंबर

मोठा शोध! महिरपी कंस आणि अर्धविराम घातले तर ही भाषा जागेला विचारतसुद्धा नाही. म्हणजे इतके दिवस हा जुलूम ऐच्छिक होता, आणि पोटच्या पोरीने सांगितलं नाही!

संतापाने फोन केला. म्हणाली, चालतं की, पण असं कोणी लिहीत नाही हो. म्हटलं, आम्ही लिहू.

लिहिलं. एक कंस कुठेतरी हरवला. संध्याकाळपर्यंत सापडला नाही. पुन्हा तेच 'कदाचित'.

कंस सोडून दिले. माघार नव्हे, धोरण.

१८ नोव्हेंबर

गुणाजी वाडीत सुपारी उतरवायला आला होता. पाणी मागायला ओटीवर डोकावला आणि म्हणाला, गुरुजी, शिव्या कोनाला देताय? मानूस तर कोन दिसत न्हाय.

आतून सुचिता म्हणाली, अरे, त्यांचं जागेशी भांडण आहे. मग मला म्हणाली, अहो, राग ज्याचा आहे त्याच्यावर काढावा, म्हणजे संपतो.

बायकोला तर्कशास्त्र शिकवायचं राहून गेलं. दिवाळीत तेजस्वीने डब्लिनची बातमी सांगितली तेव्हा मी उठून वाडीत निघून गेलो, हे ती अजून धरून बसली आहे. पंपाचा आवाज वेगळा येत होता म्हणून गेलो. पंप नंतर बिघडलाही.

२५ नोव्हेंबर

टॅब आणि स्पेस! दोन्ही अदृश्य, दोन्ही रिकामे, तरी एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. ब्रह्म तरी एकच सांगितलं आहे. इथे शून्याचे दोन पंथ.

तेजस्वी एवढी हसली की तिला ठसका लागला. मग आईच्या मसाल्याचं विचारलं, पुण्यातली खोली रिकामी करतेय म्हणाली, थंडीचे बूट घेतले ते चावतात म्हणाली. मी म्हटलं, मूळ मुद्द्यावर ये.

आता रोज फोन होतो. एखाद्या दिवशी दोनदाही. ती पुण्याला गेल्यापासून आम्ही एवढं कधी बोललो नव्हतो. अर्थात सगळं चुकांबद्दल.

३० नोव्हेंबर, रविवार

प्रोग्रॅम चालला.

मी रचलेला एक श्लोक टाकला. निरोपाचा वगैरे नव्हे, सहज उदाहरणादाखल. उत्तर आलं: मंदाक्रांता. बरोबर! कुठे चूक राहिली का, ते पुष्कळ शोधलं. नाही.

तेजस्वी म्हणाली, शाब्बास बाबा! आता तुम्हाला माझी गरज नाही. फोन लवकर संपला.

१ डिसेंबर

फोन नाही. कामात असेल. इथे येणंही नाही, पुण्याहून परस्पर विमानतळावर. प्रोग्रॅम पुन्हा चालवून पाहिला. चालला. निर्लज्ज.

२ डिसेंबर

चालतोच आहे.

३ डिसेंबर

सकाळी चौथी ओळ दोन घरं डावीकडे ओढली. मीच. फोटो काढला आणि लिहिलं: बघ, परत बिघडलं. ही भाषा भरवशाची नाही.

फोन लगेच आला. म्हणाली, बाबा, ही पहिल्या दिवसाचीच चूक. ही आपोआप कशी होईल?

मी म्हटलं, कदाचित.

ती म्हणाली, चौथी ओळ आत घ्या. म्हटलं, घेतो. मग बुटांचं विचारलं. सैल झालेत म्हणाली.

ओळ आत घेतली नाही. उद्या लागेल.

६ डिसेंबर, शनिवार. संध्याकाळी

लॅपटॉप विमानतळावर नेला होता. सगळ्यांसमोर श्लोक टाकून दाखवायचा, अशी योजना. ओळ बाहेर ठेवल्याचं विसरलो. तेजस्वीच्या देखत यंत्र म्हणालं, कदाचित.

तिने ट्रॉलीवरच लॅपटॉप ठेवला, ओळ आत घेतली, चालवला. मंदाक्रांता. मग श्लोक वाचला. हळू, शब्दाशब्दावर थांबत. वाकून नमस्कार केला आणि आत गेली. काचेपलीकडे बराच वेळ तिची लाल बॅग दिसत होती. सुचिताने माझा हात धरला होता. पंपाचा आवाज ऐकायला जायला तिथे वाडी नव्हती.

घरी आल्यावर प्रोग्रॅम उघडला. तिने ओळ नीट बसवली आहे. ती मला आता हलववत नाही.

हास्केलवर माझा राग नाही. तेजस्वी परत येणार नाही, अशी भीती वाटते. आणि काही बिघडलेलं नसताना तिला फोन करून काय बोलायचं, ते मला येत नाही.