निशिगंधाची पाठ टेकली त्याबद्दल

ती. अक्कास, धाकट्या आकारामचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे, दाजींचा खोकला उतरला का, आणि ती लाथाडणारी म्हैस आता कुणाला कासेला हात लावू देते का, हे सविस्तर कळव. इकडे कोल्हापुरात सगळे खुशाल आहेत (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, निशिगंधा आठ दिवस माझ्याशी बोलत नाही आणि तिची आई गरजेपेक्षा जास्त बोलते). फोन न करता पत्र लिहितोय, कारण मला फोनवर हळू बोलता येत नाही आणि पोरगी शेजारच्याच खोलीत आहे.

तर तुझ्या भाचीच्या कॉलेजनं बास्केटबॉलची विद्यापीठ स्पर्धा जिंकली. पेठेत डिजिटल बोर्ड लागले. मधोमध प्रियदर्शनी, जिनं फायनलला अठ्ठावीस गुण केले, हातात चेंडू आणि मागे (का कोण जाणे) वाघ. आमची निशिगंधा खाली कोपऱ्यात, आणि तिचा अर्धा चेहरा एका शुभेच्छुकाच्या फेट्यामागं गेलेला. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, बरंच वाटलं. कारण ती फायनल मी डोळ्यांनी बघितली होती. तिचे गुण दोन. आणि अक्का, ती चार वेळा पाठीवर पडली. समोरच्या संघात एक सहा फुटी पोरगी होती. ती चेंडू घेऊन घुसायची, आमची बया तिच्या वाटेत पाय रोवून उभी राहायची, छातीवर धडक घ्यायची आणि चारीमुंड्या चीत. पंचाची शिट्टी वाजली की हिच्या मैत्रिणी धावत यायच्या, हिला उचलायच्या आणि चक्क टाळ्या द्यायच्या. मी सात वर्षं तालमीच्या मातीत काढलेला माणूस. आपल्याकडे पाठ टेकली की कुस्ती संपली, पुढं विचारायचं काही उरत नाही. चौथ्या वेळी मी टोपी डोळ्यांवर ओढली आणि शेजारच्या पावण्यांनी विचारल्यावर ही पोरगी आमची नव्हे असं सांगितलं (हे घरात कुणाला माहीत नाही).

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण आमच्या तालमीनं सत्कार ठेवला आणि विजयसिंहरावांनी, म्हणजे आमच्या अध्यक्षांनी, पालक म्हणून माझ्या हातात माईक दिला. मी म्हणालो, "पोरगी चार बारी चितपट झाली, त्याबद्दल मी माफी मागतो. फुडच्या वर्साला पाठ लागू देणार न्हाई." मांडव हसून लोळायचा बाकी राहिला. निशिगंधा नारळ तिथंच खुर्चीवर ठेवून निघून गेली.

मग त्यांच्या कोच अनुजा मॅडम माझ्याकडे आल्या. मला वाटलं सांत्वन करतील. त्यांनी मला बाजूला नेऊन, लहान पोराला सांगावं तसं सांगितलं, की ती पडत नव्हती, धडक घेत होती. आधीच पाय रोवून उभ्या असलेल्याला धडकलं तर चूक धडकणाऱ्याची, आणि अशा पाच चुका झाल्या की खेळाडू बाहेर. त्या सहा फुटीच्या पाचांपैकी चार चुका निशिगंधानं अंगावर घेतल्या. ती सहा फुटी बाहेर गेली तेव्हा आपण सात गुणांनी मागे होतो, आणि जिंकलो तीन गुणांनी. गुण करणारी पोरगी दर वर्षी एखादी मिळते, अशी मिळत नाही, असंही म्हणाल्या.

घरी येऊन मी काहीतरी बोलायला गेलो. तिनं एवढंच म्हटलं, "आबा, पडलो ते तुमाला दिसलं. त्याच्या आदी जाग्यावरनं हललो न्हाई, ते न्हाई दिसलं." तेव्हापासून बंद. बूट माळ्यावर टाकलेत. सोमवारपासून राज्य संघाचं निवड शिबिर आहे, त्यात हिचं नाव आलंय, आणि ही जाणार नाही म्हणते. मॅडमना शनिवारी होय-नाही कळवायचं आहे. मला जेवण गोड लागत नाही. आणि कळायला मलाच सगळ्यात आधी हवं होतं. तालमीत सात वर्षं अमरसिंह पैलवान सरावाला रोज मलाच पाडून डाव बसवायचा; त्याला गदा मिळाली तेव्हा मी गर्दीत उभा राहून शिट्ट्या मारत होतो, आणि घरी जाऊन एकट्यानं पाठ शेकत बसलो होतो. माझी पोरगी कुणाच्या मागं झाकली गेली, आणि ती मीच झाकली, याची मला फार लाज वाटते. दाजींना नमस्कार.

तुझा,
आकाराम

ता. क. पाकीट मुद्दाम चिकटवलेलं नाही. पोस्टात टाकायला निशिगंधाकडेच देतोय. तोंडानं मला हे सांगता येत नाही.

ता. ता. क. आत्ता लक्षात आलं, ती दुसऱ्याची पत्रं वाचत नाही. तेव्हा पाकीट चिकटलेलं आलं तर तिनं न वाचताच चिकटवलं असं समज, आणि फोन लावून तिला सगळं वाचून दाखव (फक्त पावण्यांचं तेवढं गाळ).

ता. ता. ता. क. पण वाचूनही चिकटवेल की. अक्का, ते कसंही येऊ दे, शनिवारच्या आत फोन लाव. आणि पावण्यांचंही सांग.