हत्तीचा आराखडा

दि. ६ मे

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद. वि. वि.

तू पाठवलेले भिंगरीच्या नव्या खोलीचे फोटो मिळाले. आधी वाटलं, चुकून एखाद्या दवाखान्याचे पाठवलेस. फिनेलचा वास तेवढा फोटोतून आला नाही. भिंतीला तो रंग कोणी दिला? पाणी घालून वाढवलेल्या चहाचा असतो तो रंग. अशा खोलीत आठ वर्षांची पोर झोपत नाही, यात नवल ते काय? मीही झोपले नसते.

शेजारणीच्या फोनवरून ती माझ्याशी बोलली. हो आणि नाही, एवढंच. जिच्या पायाला चाकं होती म्हणून आपण भिंगरी म्हणायचो, ती ही? तिची बॅग अजून भरलेली दाराशी पडली आहे आणि रोज त्यातूनच ती फ्रॉक काढते, असं तूच लिहिलंस, आणि पुढच्या ओळीत नळाची दुरुस्ती झाल्याचं कळवलंस. धन्य आहेस.

तिच्या आईने निदान जुन्या घराच्या भिंतीवर झाड तरी काढलं होतं. बुंधा वाकडा होता, पानं लाडवांसारखी होती, पण झाड होतं. तुला सरळ रेघेपलीकडे काही येत नाही. म्हणून स्पष्ट लिहिते. शाळा उघडायच्या आत ती त्या खोलीत रमली तर ठीक, नाहीतर तिला माझ्याकडे आणून सोड. इथे घर स्वतःचं आहे आणि आत्या चित्रकलेची मास्तरीण आहे. तुझ्याकडे यातलं काय आहे ते बघ.

तब्येतीला जप. वजन घटलेलं फोटोतही दिसतं.

तुझी,
ताई

दि. १५ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून बरं वाटलं, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

घरमालकांनी चावी देतानाच बजावलं होतं, की भिंतीला खिळा नको, चिकटपट्टी नको, रंगाचं तर नाव काढू नका. जुन्या मालकांचंही तेच होतं, फक्त त्यांना झाड उशिरा दिसलं. आमचं सामान टेम्पोत चढत होतं तेव्हाच त्यांचा रंगारी आला आणि भिंगरीच्या देखत त्या झाडावरून ब्रश फिरवला. ती रडली नाही. तेव्हापासून बोलणंच कमी झालंय. हे तुला आधी लिहायला हवं होतं, पण लिहवलं नाही.

भिंतीला हात लावायचा नाही, म्हणून मी खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत दोरी बांधली आणि तिला कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. कचेरीत आम्ही इमारतींचे नकाशे काढतो, तिथले वाया गेलेले मोठे कागद आणले. काय काढू म्हणून विचारलं, तर ती हत्ती म्हणाली. मी मन लावून बसलो. पूर्ण झाल्यावर तिने विचारलं, की या तिघांतला हत्ती कोणता? तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी इमारतीसारखा हत्ती काढला होता. वरून, समोरून आणि बाजूने. मापंही टाकली होती. हाताला दुसरी सवयच नाही गं. नक्कल सोबत पाठवतो, हसायचं ते हसून घे.

ती मात्र हसली नाही. याला दार कुठे आहे म्हणाली. रात्री माझ्याच शेजारी बाहेरच्या खोलीत झोपली. ताई, तिला तुझ्याकडे पाठवायची वेळ आली तर हे घर मला खायला उठेल. पण तिच्या भल्याचं असेल तर आड येणार नाही.

तुझा रागही लोभातलाच समजणारा,
धाकटा

दि. २३ मे

चि. धाकट्यास आशीर्वाद. वि. वि.

हत्ती पोचला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला, तरी तो सुधारला नाही. अरे, वरून हत्ती कोण बघतं? कावळा! शेपटीला दोन्हीकडून बाण लावून लांबी लिहिली आहेस. कोपऱ्यात उत्तर दिशा दाखवली आहेस, म्हणजे हत्ती हरवला तर पोस्टमनला सापडावा. शाळेत जन्मभर मी मुलांचे हत्ती तपासले. कुणाचा डुकरासारखा असायचा, कुणाचा बशीसारखा, पण एकाही हत्तीला बांधकामाची परवानगी लागली नव्हती.

आणि दोरीवर चिमटे! आईवेगळी पोर वाळत घातलेल्या कागदांखाली झोपणार, आणि बापाला वाटणार खोली सजली. कीव येते तुझी.

माझ्याकडची मागची खोली तयार आहे. तीन भिंतींवर वेल चढवली आहे, छताला आभाळ दिलं आहे आणि खिडकीपाशी पक्षी काढले आहेत. पाठ धरली, पण काम नंबरी झालं आहे. इथे कोणी घरमालक येऊन त्यावर ब्रश फिरवणार नाही. येत्या रविवारी तिला घेऊन ये. उगाच हळवा होऊ नकोस, तुला ते शोभत नाही.

वाट पाहणारी,
ताई

दि. २९ मे

ती. आत्यास,
सा. न.

मी मजेत आहे. तुम्हीही मजेत असाल. बाबांनी तुमचं पत्र वाचलं आणि ते हसले, पण मग बराच वेळ एकच कप विसळत बसले. म्हणून मी लिहिते आहे.

हत्तीला दार नव्हतं, ते मी काढलं. पोटाला. मग जिना काढला. बाबा म्हणाले, जिना आहे तर खोल्या हव्यात. मग आम्ही खोल्या पाडल्या. डोक्यात बाबांची कचेरी आहे. कानाजवळ आईची खोली आहे, तिला खिडकी मोठी दिली आहे. तुमची खोली शेपटीपाशी आहे, कारण तुम्हाला आवाज खपत नाही. बाबा म्हणाले होते, तोंडापाशी दे, शोभेल. आता जिराफ चालू आहे. त्याला लिफ्ट लागणार.

तुमची वेल छान असेल. पण आत्या, भिंत बरोबर नेता येत नाही. आमची दोरी सोडली की सगळे प्राणी येतात. मी सोडून पाहिली आणि परत बांधली.

मी रविवारी येणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत येईन. मी आता माझ्या खोलीत झोपते. बॅग कपाटावर ठेवली आहे. ती रिकामी आहे.

रागावू नका, आणि रागावलात तरी पत्र पाठवा.

तुमची,
भिंगरी

दि. ५ जून

चि. धाकट्यास आणि चि. भिंगरीस आशीर्वाद. वि. वि.

भिंगरीने पाठवलेला खोलीचा नवा फोटो आणि सुधारित हत्ती पाहिला. जिना थेट स्वयंपाकघरात उतरतो. असली इमारत काढणाऱ्याला कचेरीत पगार कोण देतं? शेपटीपाशी मला खोली दिलीत, पण खिडकी नाही. म्हातारीला गुदमरवून मारायचा विचार दिसतो. ती आधी काढा.

वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, फार वाटलं. परवा त्या वेलीकडे बघत नुसती बसून राहिले. इतकी सुबक वेल आणि खाली कोणी नाही. पोरीने सरळ रेघा ओढणाऱ्या बापाला निवडलं. आवड आपापली, दुसरं काय म्हणू?

सोबत पुडकं आहे. खिडकीपाशी काढलेले पक्षी मी पुन्हा जाड कापडावर काढले आहेत, कापून कडा शिवल्या आहेत आणि प्रत्येकाला वरून नाडी लावली आहे. धाकट्या, दोरी नीट ओढून बांध, फोटोत ती मधोमध लोंबताना दिसते. मात्र गाठ सुटेल अशी मार. पुढच्या घरी जाताना पोरीला ती स्वतः सोडता आली पाहिजे.

लोभ असू दे, त्याला मापं टाकू नका.

तुमची,
ताई