बांड्या करडांचा करार

१२ ऑक्टोबर १९९८, कासुर्डी
कंपनी बंद पडून दीड वर्ष. सासुरवाडीचं अन्न पुरे झालं. आज पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं तर नेमका याकोब समोर. तोही सासऱ्याचीच शेरडं राखायचा. पाण्याच्या कुंडीत सोललेल्या काठ्या उभ्या केल्या, शेळ्या त्या बघत फळल्या, करडं झाली बांडी, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. बांडी ती सगळी त्याची! चौदा वर्षं फुकट फॅक्टरीत घालवली.

१४ ऑक्टोबर
सासऱ्यांशी, म्हणजे चांगदेवमामांशी, करार. राखायचं बिनपगारी. बांडी करडं माझी, काळी त्यांची. उद्या कुणी शंका काढायला नको म्हणून कळपातला एकुलता बांडा बोकड मीच राहू गावाला त्यांच्या भावाकडे पाठवायला लावला. मामा लगेच हो म्हणाले. साधा माणूस. काळा बोकड आणला.

बायकोला, सुलक्षणाला, शिरूरच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळतंय, खोलीसकट. म्हणाली, ईस्टरपर्यंत तुमची वाट बघते, मग पोरीला घेऊन जाते. बायकांना धीर नसतो.

२० ऑक्टोबर
सुबाभळीच्या काठ्या सोलून पट्टे काढले. शेळ्यांनी उरलेली सालही खाल्ली.

२२ ऑक्टोबर
यवतहून ऑइल पेंट आणला. काठ्यांवर काळे-पांढरे पट्टे मारून कुंडीत उभ्या केल्या, एकदम फर्स्टक्लास. आज पहिल्या तीन शेळ्या फळल्या. तिघींची तोंडं काठ्यांकडेच होती. मीच धरली होती.

९ जानेवारी १९९९
सुलक्षणाच्या आईने मरताना तिला दिलेली शेळी गाभडली. संध्याकाळी मेली. पाण्यावर रंगाचा तवंग होता म्हणे. थंडीनं झालं असणार. खड्डा सुलक्षणानेच खणला. फार वाईट वाटलं. काठ्या काढल्या नाहीत. अर्धवट विश्वास काय कामाचा?

२७ मार्च
करडं आठ. आठही काळी. वाळल्यावर ठिपके उमटत असतील. एक शेळी बाकी आहे.

३ एप्रिल
तिचंही काळंच. मामा म्हणाले, करार म्हंजी करार, जावईबापू, तुमचं एकबी न्हाई. सुलक्षणाने शास्त्रातला पुढचा अध्याय काढून पुढ्यात ठेवला. याकोबाला स्वप्न पडलं होतं, त्यात शेळ्यांवर उडणारे बोकडच बांडे होते. म्हणाली, काठीत काय न्हवतं, बोकडात व्हतं, आन् त्यो तुम्ही सोताच्या हातानं घालवला. मी म्हणालो, मी एका वेळी एकच अध्याय नीट वाचतो.

५ एप्रिल
काल ईस्टर झाला. सकाळच्या एस.टी.ने दोघी शिरूरला गेल्या. फाट्यावर बॅग उचलू लागलो तर पोरीने आधीच उचलली.

दुपारी मामांनी विचारलं, आता शेरडं कशावर राखणार. म्हणालो, दोन वेळच्या जेवणावर.