तेहतीस अनारसे आणि एक काडी

१७ मे २०२६, रविवार

आजपासून अधिक महिना. आणि घरात एकच विषय — जावई!

जावई म्हणजे इंद्रभानमामा, जनकाआत्याचे यजमान. चौदा वर्षांपूर्वी आत्या इथे जानेफळला माहेरी आली होती. मामा तिला न्यायला आले, आठ दिवस राहिले, नवव्या दिवशी 'बाजारातून मिरच्या आणतो' म्हणून निघाले आणि थेट बीबी गावाला, आपल्या घरी पोचले. मिरच्या अजून आलेल्या नाहीत.

पण मामा येतात! दर तीन वर्षांनी, अधिक महिन्यात, धोंड्याचं वाण घ्यायला. पाटावर बसतात, नवे कपडे घेतात, तेहतीस अनारशांतले सात-आठ जागीच संपवतात, बाकीचे डब्यात भरून साडेचारच्या एसटीने परत. आणि त्यांना आमंत्रण कोण देतं? आमचे बाबा!

"जावई आहे वो तो. मान तर द्याच लागते ना," बाबा म्हणतात.

ज्याने बहिणीला टाकलं त्याला मान! या घरातली पहिली पदवीधर म्हणून मी आज ठरवलं आहे — यंदा हे होणार नाही.

१९ मे

एम.ए.च्या प्रबंधासाठी मिळालेली पंचांची जुनी वही आज वाचून संपवली. (मोडी शिकले त्याचं सार्थक!) विषय — एकोणिसाव्या शतकात नवऱ्याने टाकल्यामुळे झालेल्या फारकती. एकूण अकरा प्रकरणं. १८७४ सालची सगुणा माझी सगळ्यात लाडकी. नवरा दोन पावसाळे फिरकला नाही. पाच पंच पारावर बसले, काडी मोडली, एक तुकडा सगुणेच्या हातात दिला — झाली मोकळी! एवढ्या वेळात आमच्याकडे चहाला उकळीसुद्धा येत नाही.

अकरापैकी तीन प्रकरणांत मात्र तक्रार नवऱ्याची आहे, बायको नांदायला येत नाही म्हणून. ती तीन बाजूला ठेवली. माझ्या विषयात बसत नाहीत.

सगुणेला १८७४ मध्ये जे मिळालं ते माझ्या आत्याला २०२६ मध्ये मिळू नये?

२१ मे

मेहकरला जाऊन आले. वकील धम्मशीला मॅडम फार छान आहेत. म्हणाल्या, दोन वर्षं सलग टाकलं असलं तरी पुरे. आपल्याकडे चौदा आहेत! सध्या कोर्टाला सुट्टी आहे, उघडलं की अर्ज टाकू.

निघताना सहज सांगितलं, "मामा दर अधिकात येतात."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "येतात? राहतात?"

"नाही. जेवतात."

"यंदा राहू देऊ नका. नवरा-बायको पुन्हा एकत्र राहिले असं म्हणायला त्यांना जागा मिळेल."

म्हणजे आत्याची सुटका आता मामांच्या मुक्कामावर अवलंबून!

२२ मे

आत्याला सगळं सांगितलं. "बरं," म्हणाली आणि ब्लाऊजला हुक लावत बसली.

२५ मे

वकीलपत्रावर आत्या सही करत नाही. पहिल्यांदा चष्मा सापडेना. मग हात तेलाचे. आज म्हणे, "थांब वो पुष्पे, नवरीचे सात ब्लाऊज द्याचे हायेत मले."

किती दबून गेली आहे बिचारी! आयुष्यभर ते शिलाई मशीन आणि ती. मी पाचवी-सहावीत असताना तर मशीनही धड नव्हतं. दर महिन्याला बिघडायचं. आत्या त्याचं डोकं पिशवीत घालून दुरुस्तीला मेहकरला न्यायची आणि येताना माझ्यासाठी जिलबी आणायची. निदान आता मशीन तरी सुखात आहे. कधी बिघडत नाही.

२८ मे

अनारशाचं पीठ लपवलं. अनारसे नाहीत तर वाण नाही, वाण नाही तर मामा नाहीत. सरळ हिशोब! डबा कडब्याच्या गंजीत खुपसला.

दीड तासात बोंब. आजी (गोजरबाई, वय एक्क्याऐंशी, एरवी समोरचा माणूस ओळखत नाही) काठी टेकत थेट गंजीपाशी गेली. "गुळाचा वास येऊन राह्यला!" डबा निघाला. घरातला संशय माकडांवर गेला. मी गप्प बसले. सत्याग्रहात असं बसत नाही, पण बसले.

३१ मे, रविवार

सविस्तर लिहिते.

मामा साडेदहाला आले. केस काळेभोर, मागच्या वेळेपेक्षा जास्त. बाबांनी पाय धुतले. आत्याने — हो, आत्याने स्वतः! — अनारसे तळले होते. वर वाढताना मला म्हणते कशी, "खसखशीचं अंग खाली नको करू वो, त्याले तसे आवडत नाही."

त्याले आवडत नाही!

मी फोनवर चित्रण सुरू केलं. पुरावा. पण पुराव्यात काय दिसतं? मामा चौथा अनारसा खाताहेत आणि आत्या विचारते आहे, "काऊन बे, वजन वाढलं का तुह्यं?" आणि दोघं खिदळताहेत. हे चित्रण कोर्टात दाखवलं तर न्यायाधीश त्यांचं पुन्हा लग्न लावून देतील.

मग बाबा बोललेच. "जावईबापू, आज मुक्काम करा."

मामांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने सुपारी कातरता कातरता हळूच मान हलवली. मला कळेना हो की नाही. आता थांबून चालणार नव्हतं. कडुनिंबाची एक काडी आणली, मामांसमोर धरली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मामा, ही मोडा. पंच म्हणून शेजारचे हे चौघं आहेत, पाचवी मी."



मामांनी काडी घेतली. उलटसुलट पाहिली. कटकन मोडली! माझे डोळे भरून आले. एकशे बावन्न वर्षांनी सगुणा —

मामा तुकड्याने दात कोरू लागले. "बरं झालं वो पोरी. खोबरं अडकलं होतं कवाचं."

आत्या हसून हसून भिंतीला टेकली. आजीने विचारलं, "कोन मेलं?"

मामा साडेचारच्या एसटीने गेले. मुक्काम टळला, एवढंच. मोडलेली काडी वहीत ठेवली आहे.

१ जून

आत्याजवळ रडले. म्हटलं, मी हे सगळं तुझ्यासाठी करते आहे आणि तू हसतेस. तुला मोकळं व्हायचंच नाही का?

तिने मशीन थांबवलं. मग म्हणाली, "तुह्या वकीलबाईले सांग, कोर्टाच्या कंप्युटरमधी माह्यं नाव टाकून पाह्यजो म्हना एक डाव. अन् घरी कोनाले बोलू नको."

९ जून

मॅडमचा फोन. "उद्या ये. एकटी ये." का, ते सांगेनात. आत्यावर मामांनी काही खटला वगैरे तर नाही ना केलेला? जेवण गेलं नाही.

१० जून

केलेला आहे. २०१४ साली. अर्जदार इंद्रभान. 'वारंवार न्यायला जाऊनही पत्नी नांदायला येत नाही, तिने मला टाकले आहे.' दर तारखेला जनकाबाई हजर. २०१६ ला घटस्फोट मंजूर. ती दोन वर्षं मशीन बिघडत होतं!

आत्याने सुईत दोरा ओवत सांगितलं, "मले त्या घरी नव्हतं जाचं. अन् सुटली म्हटलं असतं, तर तुह्या बापानं महिनाभरात दुसरा पाह्यला असता. ह्यो बरा — तीन वर्षांतून एक डाव येते, अनारसे खाते, जाते. मीच बोलावतो त्याले."

घरी कुणाला काही बोलले नाही. बाजूला ठेवलेली तीन प्रकरणं परत काढली.