बूजमा मामांचा सार्वजनिक इनहेलर

मराकेश, गुरुवार

आदरणीय यामना मामी,

विदादचा सलाम. तुम्ही, तुमची लेक सिहाम आणि बाळ खुशाल असाल, आणि अगादीरच्या हवेने तुमच्या गुडघ्यांना आराम पडला असेल, अशी आशा करते. (मामा सांगतात, दुखणे वाढले आहे. मामांच्या माहितीवर मी अलीकडे विसंबत नाही.) बाळाचे वजन कळवा. ‘छान वाढतंय’ हे वजन नव्हे.

येत्या मंगळवारी आमच्या दवाखान्यातली समिती मामांना औषधाच्या अभ्यासात ठेवायचे की काढायचे, ते ठरवणार आहे. काढले तर त्यांची फुप्फुसे तपासणारे कोणी उरणार नाही. कारण डॉक्टरकडे जाणे त्यांना कमीपणाचे वाटते, अभ्यासाला जाणे मात्र सरकारी नेमणुकीसारखे.

आजाराचे निदान ऐकून ते पहिल्याच दिवशी भांडले होते. जन्मात सिगारेट ओढली नाही, मग सिगारेटवाल्यांचा आजार माझ्या गळ्यात का? मी म्हटले, चौतीस वर्षे हमामचे पाणी तापवणाऱ्या भट्टीत भुसा आणि जैतुनाच्या बिया जाळणाऱ्याला सिगारेटची गरज उरत नाही. श्वासनळ्या सुजून अरुंद होतात, फुप्फुसातले बारीक फुगे विरतात. हवा आत शिरते आणि बाहेर पडायचे नाव घेत नाही. (“म्हणजे तुझ्या मामीच्या माहेरची माणसं,” मामा म्हणाले. हे केवळ अचूकपणासाठी नोंदवते.)

अभ्यासात निम्म्या लोकांना नवे औषध मिळते, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या इनहेलरमधून दुधातल्या साखरेची भुकटी. कोणाला काय, हे मलाही ठाऊक नसते. सकाळी एक डोस, संध्याकाळी एक, महिन्याला साठ. आत चिप आहे. ती प्रत्येक डोसची वेळ आणि श्वासाचा जोर टिपते. हे मी मामांना समजावले होते. त्यांनी मानही डोलावली होती.

पाच महिन्यांनी माझ्या यंत्रावर मामांचा फुंकर मारण्याचा जोर अपेक्षेच्या एक्केचाळीस टक्क्यांवरून छत्तीसवर आला. चिपच्या हिशेबाने मात्र त्यांचा श्वास दर शुक्रवारी तिशीतल्या कुस्तीगिराचा होत होता. वरिष्ठ डॉक्टरांनी यावर विचार केला आणि माझे यंत्र बिघडले आहे असा निष्कर्ष काढला. तीन लिटरच्या पिचकारीने मी ते तीनदा तपासून दिले. तोवर त्यांच्यातल्या एकांनी शुक्रवारच्या मनःशांतीचा फुप्फुसांवरील परिणाम या विषयावर परिषदेसाठी फलकही तयार करायला घेतला होता. दिवसाची सरासरी सोडून मूळ नोंदी वाचाव्यात, असे कोणाला सुचले नाही. मी वाचल्या. दर शुक्रवारी दुपारी दहा मिनिटांत दहा डोस.

तेव्हा पुढच्या शुक्रवारी, मामा मित्रांसोबत जेवायला जमतात त्या जैतुनाच्या बागेत मी गेले. भट्टीच्या राखेत रात्रभर शिजलेल्या तंजियाच्या मटणाचे मडके नुकतेच उपडे केले होते, चहा फिरत होता, आणि चहामागून इनहेलर. प्रत्येकजण तोंड लावण्यापूर्वी तो बाहीला पुसत होता. (स्वच्छतेची कल्पना आहे, हे समाधान.)

“आधी बस, जेव, मग रागाव,” हाज अल्लाल सुतार म्हणाले.

मी मामांना विचारले, हे काय चालले आहे. “चार माणसं समोर खोकतायत आणि मी एकटाच औषध ओढू? मला काय गाढवांनी वाढवलं?” महिन्याचे जवळजवळ निम्मे डोस मित्रांत जातात, विसाव्या तारखेनंतर नळी रिकामी असते, आणि तुम्ही रिकामी नळी ओढता, हे मी सांगितले. ते म्हणाले, “अगं, सवय मोडू नये.”

यात साखरही असू शकते, हेही सांगितले. हाज अल्लाल इनहेलर बाहीला पुसत म्हणाले, “असेल तर फार चांगली साखर आहे. माझे तर गुडघेसुद्धा दुखायचे थांबले.”

मी इनहेलर ताब्यात घेतला आणि सोमवारी सगळा अहवाल दिला. फलकाचे काम थांबले आहे. माझ्या यंत्राची कोणी माफी मागितलेली नाही.

सर्वांना सलाम. बाळाचा पापा.

तुमची,
विदाद

ता. क. समितीला घरातले कोणीतरी हमी द्यायला हवे आहे, की इनहेलर उंबऱ्याबाहेर जाणार नाही. मामांनी हाज अल्लालांचे नाव दिले. बाळंतिणीचे चाळीस दिवस सरूनही तीन महिने झाले, मामी. सोमवारची बस सकाळी साडेआठला आहे. रिकाम्या घरात मामा बसत नाहीत. भट्टीशी जाऊन नव्या माणसाला भुसा कसा घालायचा ते शिकवतात.

आणखी एक. मी गेले त्या शुक्रवारी दहा नव्हे, अकरा डोस आहेत. हाज अल्लाल म्हणाले, पाहुणीला आधी, आणि सगळे थांबून राहिले. मामांनी समितीला स्वतःखेरीज नऊ मित्रांची नावे लिहून दिली. अकराव्याचे विचारले तर खोकल्याची उबळ येते. तुम्हालाही विचारतील. तुम्हाला काही ठाऊक नाही. माझे नाव ही आयुष्यात मामांनी वाटून न टाकलेली पहिलीच गोष्ट आहे.