सरूबाईंची बोली

भांडगाव, ता. दौंड
१२ जानेवारी २००८

चि. धनश्रीस, आशीर्वाद उरले असतील तेवढे.

तुझ्या त्या आपोआप बोली लावणाऱ्या प्रोग्रॅमनं गावात माझं नाक कापलं. पंचायतीच्या चिंचांचा लिलाव यंदा इंटरनेटवर झाला. पहिली बोली आपली, त्यो मान हाय. मग सरूबाईची बोली शिपायानं हापिसातनं टाकली आन् दर सालासारखे सगळे थांबले. नवरा गेल्यापास्नं चौदा वर्सं त्या चिंचांवरच तिचं घर चालतं. तुझा प्रोग्रॅम मातुर तिच्या दर बोलीवर पन्नास-पन्नास रुपये चढवत गेला. मी तवा उसात हुतो. आता चिंचा माझ्या नावावर आन् पारावर मला कुणी सरकून जागा देत न्हाई. प्रोग्रॅम बिघडला हुता, असं पंचायतीला लिहून दे.

तुझा मामा,
बाळासो

शिरूर
१६ जानेवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

प्रोग्रॅम बिघडलेला नव्हता. खोटं लिहून देणार नाही. कुठपर्यंत चढवायचं, हे मी फोनवर दोनदा विचारलं होतं. मिळेपर्यंत, असं तुम्ही हसत सांगितलंत. कुणापुढे थांबायचं, हे तुम्ही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तेवढी चूक माझी. चिंचा सरूबाईंना देऊन टाका.

मामींना नमस्कार. तुमचा राग उतरल्यावर कळवावे.

धनश्री

भांडगाव
२१ जानेवारी

चि. धनश्रीस,

तुझ्या अकलेनं गेलो आन् दारातनं परत आलो. चौदा वर्सं लिलावात घेतल्या, दानात न्हाई, म्हणाली. मला भिकारीण करायला भाचीला शिकवलंस का, असं तोंडावर इचारलं. पाटसच्या कारखान्याला ऊसतोडीत नाव देणार म्हणती. साठीची बाई! एवढी शिकलीस, आता तूच सांग.

बाळासो

शिरूर
२५ जानेवारी

ती. मामांस सा. न.

प्रोग्रॅम काढून टाकला आहे. सोबत पंचायतीला अर्ज आहे, सही करा. चिंचा तुम्ही सोडता, फेरलिलाव देवळापुढे तोंडी व्हावा, एवढंच त्यात आहे. बिघाडाचा शब्द नाही.

पहिली बोली तुम्हीच लावा, नेहमीच्या मोठ्या आवाजात. सरूबाईंनी आकडा सांगितला की घसाही खाकरू नका. तुम्ही गप्प राहिलेले गावाला दिसले पाहिजे.

मी येणार आहे. उतरणार सरूबाईंकडे, त्यांनी दार उघडलं तर.

लोभ सध्या आहे तेवढाच ठेवावा.

धनश्री