नऊ दिवस आधी छापलेले तीनशे शब्द

मी, वय वर्षे छप्पन्न, पेशाने वार्ताहर, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, जेवणाच्या टेबलावर, सकाळचा चहा झाल्यावर लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. याबाबत आमच्या संपादकांचे मत निराळे असले तरी ते या कामी ग्राह्य धरू नये. माझ्यावर कोणाचा दाब नाही. घरात दाब आणायला दुसरे कोणी राहतच नाही. येत्या चौदा तारखेला माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. शल्यविशारदांनी "काळजीचं कारण नाही" हे वाक्य मला लागोपाठ तीनदा ऐकवले. एकदा म्हटले असते तर मी विश्वास ठेवला असता. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, म्हणून रद्द ठरवण्याजोगेही काही नाही.

कलम १. या मृत्युपत्राची व्यवस्था वकीलबाईंनी पाहावी. कोर्टातल्या पत्रकारांच्या बाकावरून मी त्यांना पंधरा वर्षे ऐकत आलो. हरत असताना आवाज न चढवणारी ती एकच व्यक्ती त्या इमारतीत मला भेटली.

कलम २. तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे माझे घर, त्यातल्या गळक्या नळासह, माझ्या धाकट्या बहिणीला मिळावे. नळ दुरुस्त करू नये असे मी म्हणत नाही. मला जमले नाही, एवढेच नमूद करतो.

कलम ३. माझे संस्कृत कोश, व्याकरणे आणि भाष्ये मी जिथे शिकलो त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्यावीत. ती तिथे कोणी उघडणार नाही हे मला ठाऊक आहे. माझ्या घरीही गेली दहा वर्षे त्यांच्यावर इस्त्रीचे कपडेच ठेवले जात होते. म्हणजे त्यांच्या आयुष्यात फारसा फरक पडणार नाही.

कलम ४. संपादकांना काहीही देऊ नये. मी लिहिलेल्या "निकाल राखून ठेवला" या सरळ मथळ्याचे त्यांनी "पडदा कोणाचा? पडद्यावर पडदा!" असे केले. त्या सकाळी कोर्टात न्यायाधीशमहाराजांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले होते. ते पाहणे मी विसरलेलो नाही.

कलम ५. माझ्या त्रेचाळीस वह्या. त्या वकीलबाईंनी ठेवाव्यात किंवा रद्दीत घालाव्यात. त्यांत फोन बनवणाऱ्या दोन कंपन्यांचा अकरा वर्षांचा दावा आहे. सोयीसाठी मी एकीला पूर्वपक्ष आणि दुसरीला उत्तरपक्ष म्हणत आलो. पूर्वपक्ष म्हणतो, ओले बोट ओळखणारा पडदा आम्ही शोधला, पेटंट आमचे. उत्तरपक्ष म्हणतो, यात शोधण्यासारखे काही नव्हतेच, आणि असलेच तर ते आम्हालाही सुचले होते. एवढ्याच गोष्टीवर अकरा वर्षांत तीन न्यायालये, चार न्यायाधीश आणि विशेषणांचा प्रचंड साठा खर्ची पडला. पूर्वपक्षाच्या ज्येष्ठ वकिलांनी "ओले" म्हणजे काय यावर दोन दिवस युक्तिवाद केला. माझी बसायची उशी त्यांना द्यावी. ती त्यांच्यामुळेच विकत घ्यावी लागली.

हे पेटंट माझ्या बहिणीच्या नावावर आहे. मालकी ती नोकरी करते त्या कंपनीची, म्हणजे पूर्वपक्षाची, पण "संशोधक" या शब्दापुढे नाव तिचे, एकटीचे. बहीण आत असताना बाहेर बसून मी वार्तांकन करावे का, असे मी संपादकांना विचारले होते. ते म्हणाले, "बरंच झालं की, निदान तुला तरी विषय कळेल."

विषय मला कळत होता. खरे तर तो मलाच सर्वांत आधी कळला होता, आणि खरी अडचण तिथेच आहे.

कलम ६. येथे थोडे मागे जाणे भाग आहे. वकीलबाईंनी क्षमा करावी.

चौदा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी बहीण याच टेबलावर जेवायला आली. तिने ताटाशेजारी पाण्याचे दोन थेंब टाकले आणि म्हणाली, "दादा, बघ. थेंब पडला की पडला, जागचा हलत नाही. बोट मात्र टेकताना जरासं घरंगळतं. डोळ्यांना दिसत नाही, पण पडद्याला कळतं. ते घरंगळणं मोजलं की झालं!" तिच्या चेहऱ्यावर असा उजेड मी त्याआधी पाहिला नव्हता. नंतरही नाही.

मी मोठा भाऊ. अभिमान वाटला. त्या रविवारच्या पुरवणीत मी तीनशे शब्द लिहिले. तिचे किंवा कंपनीचे नाव घातले नाही, म्हणजे गुपित राखले असा माझा समज. पण युक्ती मात्र सगळी लिहिली, मापासकट. आपण सोपे करून सांगतो याचा मला गर्व होता. खाली "आमच्या वार्ताहराकडून". पुरवणीच्या शेवटच्या पानावर, शब्दकोड्याच्या डोक्यावर, ते छापून आले. मी कात्रण, कोड्यासकट, चौकटीत बसवून घेतले. तिला भेट देणार होतो.

लगेचचा मंगळवार सोडून त्याच्या पुढच्या मंगळवारी ती धावतच आली. "दादा, आज पेटंटचा अर्ज गेला! आता कुठे मोकळेपणी बोलायला हरकत नाही. अर्जाआधी एक शब्द जरी बाहेर छापून आला असता ना, तर सगळं मुसळ केरात!"

चौकट तेव्हा माझ्या मांडीवर होती, कागदात गुंडाळलेली. "हे काय आणलंस?" तिने विचारले. "आरसा," मी म्हणालो. आयुष्यात बहिणीशी बोललेले माझे पहिले खोटे. रविवार ते पुढचा मंगळवार: नऊ दिवस.

कलम ७. मिस्त्री. या माणसाला मी काय द्यावे हे मला कळत नाही, म्हणून कलम लांबणार आहे.

बहिणीच्या प्रयोगशाळेत लागणारी चिमुकली उपकरणे तो हाताने बनवायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत, माझी बहीणही. फक्त ती ते जरा हळू म्हणायची. त्यांच्या लग्नाची तारीख ठरली नव्हती, पण नव्या घरातल्या खिडक्यांच्या पडद्यांचा रंग ठरला होता. माझ्या घरी आला की तोही मला "दादा" म्हणायचा.

अर्ज गेल्यावर चार महिन्यांनी उत्तरपक्षाने तस्साच पडदा असलेला फोन बाजारात आणला. पूर्वपक्षात चौकशी बसली. कंपनीच्या हिशेबाने युक्ती तिघांनाच ठाऊक होती: बहीण, विभागप्रमुख आणि मिस्त्री. मिस्त्रीचा एक जुना वर्गमित्र उत्तरपक्षात नोकरीला होता. तेवढे पुरले. गुपित फोडले म्हणून त्याला काढले. पडदे घेतलेच गेले नाहीत. बहिणीने त्यानंतर त्याचे नाव काढले नाही, आणि दुसऱ्या कोणाचेही नाही.

उत्तरपक्षाला ते माझ्या रकान्यातून समजले की त्यांच्याच कोणाला सुचले, देव जाणे. पण छापून आलेले गुपित कोणी फोडू शकत नाही. ते कात्रण चौकशीपुढे ठेवले असते तर मिस्त्री त्याच दिवशी सुटला असता. आणि त्याच दिवशी बहिणीचे पेटंटही बुडाले असते. मी गप्प राहिलो. उत्तरपक्षाची माणसे जुना पुरावा शोधत देशोदेशीची शास्त्रीय नियतकालिके उपसत होती. शब्दकोड्याच्या वर पाहायचे कोणाला सुचले नाही. त्यांचा तो शोध मी बाकावर बसून, निःपक्षपातीपणे, वहीत उतरवून घेत होतो.

मिस्त्रीचे आता एका जिन्याखाली फोनदुरुस्तीचे दुकान आहे. माझा फोन मी तिथेच नेतो. तो मला "साहेब" म्हणतो.

कलम ८. ती चौकट माझ्या मृत्यूनंतर मिस्त्रीला द्यावी. तो तिचे जे करील ते मला मान्य आहे.

कलम ८, पुढे. वकीलबाईंनी मसुदा इथवर वाचला आणि पेनाला टोपण लावले.

"म्हणजे खरं तुम्ही बोलणार, पण ऐकून घ्यायला हजर राहणार नाही," त्या म्हणाल्या. "सोयीचं आहे."

"कायद्याने चालतं ना?"

"कायद्याने चालतं हो. कायद्याने बरंच काही चालतं."

दुसऱ्या दिवशी मी चौकट घेऊन जिन्याखाली गेलो. मिस्त्रीने डोळ्याला लावलेले भिंग वर केले. "काय साहेब, बॅटरी पुन्हा?" मी चौकट पुढे केली. त्याने मजकूर वाचलाच नाही. नजर खालच्या कोड्यावर गेली.

"यातलं सहा आडवं मला तेव्हाही सुटलं नव्हतं," तो म्हणाला.

मी स्टुलावर बसलो. झडपेमुळे नव्हे.

"त्याच रविवारी वाचलं होतं," त्याने सांगितले. "माझ्याकडेही आहे एक."

"मी लिहिलंय हे कळलं होतं?"

"फोनच्या बातमीत 'सलिलबिंदू' लिहिणारा दुसरा कोण असणार?"

"मग चौकशीत दाखवलं का नाहीस?"

"दाखवलं असतं तर मी सुटलो असतो. ती बुडाली असती."

"निदान तिला तरी सांगायचंस."

"तिला सांगितलं असतं तर ती स्वतःच ते घेऊन गेली असती. तुम्ही ओळखत नाही का तिला?" त्याने चौकट पुसून मला परत दिली. "आणखी सहा वर्षांनी पेटंटची मुदत संपते. मग सांगा. चौदा गेली, सहाचं काय एवढं?"

"मला सहा वर्षं कोण देतंय? चौदा तारखेला हृदयाची झडप बदलतायत."

"झडप नवी टाकतायत ना? नव्या मालाला गॅरंटी असते, साहेब."

तो हसला. मला हसता आले नाही. चौदा वर्षे मी समजत होतो की त्याच्या नाशाचे गुपित मी एकटा वाहतो आहे. तो ते माझ्यासमोर बसून, माझ्या फोनची काच बदलता बदलता, माझ्याहून नीट वाहत होता.

कलम ८, सुधारित. चौकट मिस्त्रीला देऊ नये. सहा वर्षे थांबण्याची त्याची विनंती मी अमान्य करीत आहे. पेटंट बहिणीचे, आयुष्य बहिणीचे, आणि त्यावर चौदा वर्षे हुकूम चालवला आम्ही दोघांनी, तिला न विचारता. चौकट बहिणीला द्यावी. माझ्या मृत्यूनंतर नव्हे. येत्या रविवारी ती येईल तेव्हा. देणारा मी.

कलम ९. रविवारचा वृत्तान्त.

बहिणीने ते तीनशे शब्द दोनदा वाचले. मग तारीख पाहिली. मग बोटांवर दिवस मोजले.

"हे त्याला माहीत होतं?"

"हो."

"तेव्हापासून?"

"तेव्हापासून."

तिने चौकट टेबलावर उलटी ठेवली. नळाचा आवाज येत होता. मग म्हणाली, "दादा, त्या चौकशीत मला विचारलं होतं. मी म्हणाले, मी बोलले नाही, विभागप्रमुख बोलणार नाहीत, मग उरतं कोण? एवढंच म्हणाले; तुला सांगितलेलं मी बाहेरचं धरलंच नव्हतं. तो समोर बसला होता. माझ्याकडे बघून मान हलवली त्याने. मला वाटलं, कबुली देतोय."

हे मला ठाऊक नव्हते. अकरा वर्षे वार्तांकन करूनही हे मला ठाऊक नव्हते.

"माझी चूक आहे," मी म्हणालो.

"आहेच. पण तू गप्प बसलास आणि मी बोलले." तिने चौकट पिशवीत घातली. "उद्या सकाळी कंपनीच्या वकिलांना देते. गुरुवारी सुनावणी आहे ना? ते नाही म्हणाले तर मीच उभी राहते."

"पेटंट जाईल गं."

"जाऊ दे. तुला शब्द मोजायला येतात, मला वर्षं मोजायची आहेत." दारापाशी ती थांबली. "त्याचं दुकान किती वाजता बंद होतं?"

"आठला."

तेव्हा सव्वासात झाले होते.

तिने सोमवारी फोन केला. कंपनीने चौकट ठेवून घेतली आणि तिला घरी बसायला सांगितले. हे तिने बातमी वाचून दाखवावी तसे सांगितले. मी विचारले, मिस्त्री भेटला का.

"भेटला. गिऱ्हाईक होतं. बसा म्हणाला, बसले."

"मग?"

"मग आठ वाजले, दादा. त्याने शटर ओढलं, कुलूप लावलं, आणि किल्ली हातात धरून उभा राहिला. मला म्हणाला, तुम्ही कशा जाणार? मला 'तुम्ही' म्हणाला."

"तू काय म्हणालीस?"

"चालत, म्हणाले. तो थोडं पुढे चालला, मी थोडं मागे. बसथांब्यापर्यंत."

कलम १०. कलम ८, मूळ आणि सुधारित दोन्ही, रद्द समजावे. देण्याची वस्तू देऊन झाली आहे. तिच्यामुळे जे मोडले ते भरून देण्याइतकी मालमत्ता या मृत्युपत्रात नाही. याखेरीज मला काही म्हणायचे नाही.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. तो खरा आहे. माझ्या धंद्यात ही खात्री दर वेळी देता येत नाही.

ठिकाण: माझे राहते घर.
दिनांक: झडपेच्या पाच दिवस आधी, गुरुवार, सुनावणीची सकाळ.

मृत्युपत्रकर्त्याची सही: (वाचता येत नसली तरी माझीच आहे)

साक्षीदार १: खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. मजकूर वाचलेला नाही, सही होताना पाहिली.

साक्षीदार २: वकीलबाईंच्या कार्यालयातील टंकलेखिका. मजकूर टंकलेला आहे, म्हणून वाचावा लागला. लाभार्थी साक्षीदार होऊ शकत नाही, म्हणून मृत्युपत्रकर्त्यांच्या बहिणीची सही घेतलेली नाही. त्यांचा पत्ता विचारण्यासाठी त्यांना फोन केला होता. त्या कोर्टात गेल्या आहेत. सोबत एक गृहस्थ आहेत, दुकान बंद ठेवून, स्वतःजवळचे एक जुने कात्रण घेऊन आलेले.